अँड्रॉइड स्टिरिओची पिवळी वायर कुठून घेऊ? (वॅगन आर, २०१४)

मंडळी, मदत हवी आहे. गाडी बेसिक मॉडेल, कंपनीचा स्टिरिओ नव्हताच. गेल्या आठवड्यात सात रस्त्याजवळच्या एका दुकानात ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. आवाज झकास. पण चावी काढली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, इक्वलायझर, सगळं पुसलं जातं. दर वेळी पहिल्यापासून बूट होतो, नकाशा उघडेपर्यंत मी घरापासून दोन चौक पुढे!

मल्टिमीटरने पाहिलं तर चावी बंद असताना पिवळ्या (मेमरी टिकवायला कायम १२ व्होल्ट लागणारी) आणि लाल (चावीसोबत चालू-बंद होणारी), दोन्ही वायरींवर शून्य व्होल्ट. म्हणजे दोन्ही एसीसीवरच (चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या लाइनवर) जोडल्यात. स्टिरिओसाठीच्या गाडीच्या मूळ कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) कायम १२ व्होल्ट देणारी पिन मला सापडली नाही. फ्यूज सगळे चांगले आहेत, आतला दिवाही लागतो. दुकानदार म्हणतो, "या स्टिरिओला असंच असतं." पटत नाही.

अँप्लिफायर, सबवूफर काही नाही, फक्त चार दारांतले स्पीकर. मूळ वायरिंग कापायचं नाही. गाडी कधीकधी दहा-दहा दिवस उभी असते, त्यामुळे बॅटरी उतरण्याची धास्ती आहे.

जीपीएसचा अँटेना डॅशच्या आत पत्र्यामागे टाकलाय, पुणे हायवेवर गाडी सर्व्हिस रोडवर दाखवतो. तो काचेखाली आणणार आहे, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चिकटपट्टी टिकते का?

आणि मुख्य प्रश्न: पिवळी वायर आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून घेतली तर चालेल, की थेट बॅटरीवरूनच आणावी? थेट आणली तर फ्यूज किती अँपिअरचा?