शाळेतल्या पोरांना इकॉनॉमिक्स शिकवतोय पण पोरं जांभया देतायत, काय करू?

निफाडचा_टीवायवाला
नमस्कार मंडळी. आम्ही टीवायबीएचे सहा जण, सगळ्यांचा स्पेशल विषय इकॉनॉमिक्स. दिवाळीनंतर ठरवलं की तालुक्यातल्या शाळांत शनिवारी जाऊन नववी-दहावीच्या पोरांना तासभर अर्थशास्त्र सांगायचं, कारण आमचं स्वतःचं असं झालेलं की नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची ओळख करून देणारा धडा होता तो सरांनी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिला आणि मग अकरावीला विषय एकदम अंगावरच आला. तीन शाळांनी हो म्हटलं, हेच खूप झालं.
पहिल्या शनिवारी पीपीटी घेऊन गेलो. जीडीपी, महागाई, रेपो रेट. दहा मिनिटांत लाईट गेली, मग फळ्यावर सुरू केलं तर मागच्या बाकांवर पेनफाईट. शेवटी म्हटलं काही विचारायचंय का, तर एकच हात वर, "दादा, ऑप्शन ट्रेडिंग शिकवणार का?" बाई पण हसल्या. आता पुढच्या वेळी काय न्यायचं? पीपीटी नको एवढं कळलंय.

जुने_मास्तर
बाळा, ज्युनिअर कॉलेजला आयुष्य गेलं माझं, तरी ही चूक मीही पहिली दोन-तीन वर्षं केली. तुम्ही निफाडचे ना, मग लासलगावचा कांदाबाजार हाकेच्या अंतरावर असताना जीडीपी कशाला शिकवता? पोरांना घरून कांद्याची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळते ती हिशोबाची पावती, आणायला सांगा. त्यावर किती क्विंटल, काय भाव, हमाली किती कापली, तोलाई (वजन करण्याचे पैसे) किती, हातात किती आले सगळं लिहिलेलं असतं. गोल्टीला (बारीक कांद्याला) वेगळा भाव का, हे सांगायला पोरं उड्या मारतील, तुम्हालाच नवीन कळेल.
मग फळ्यावर तारखा मांडा. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच, सप्टेंबरला शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. आता ज्याच्या त्याच्या घरच्या पट्टीवरचा भाव त्या त्या तारखेसमोर लिहायला लावा. सरकारी धोरण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.
आणि गेल्या वर्षी भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्या गावाने कांदा लावला आणि भाव पडला, ही गोष्ट प्रत्येक घरात झालेली आहे. पुस्तकात याला कॉबवेब म्हणतात. नाव शेवटी सांगा, आधी नाही.

सायली_कोपरगाव
मास्तरांचं बरोबर पण एक सांगते, आम्ही एनएसएसमध्ये असताना हेच केलेलं आणि फसलं. एका मुलाने पट्टी आणली तिच्यावर व्यापाऱ्याकडून आधीच घेतलेली उचल वजा करून हातात जवळजवळ काहीच आलेलं नव्हतं, आमच्यातल्या एकाने ती उत्साहाने मोठ्याने वाचली आणि तो मुलगा परत आमच्या तासाला बसला नाही. तर घरच्या पट्ट्या मागवू नका, कुणाची तरी जुनी पट्टी घ्या, नाव झाकून झेरॉक्स काढा, सगळ्यांना तीच एक. घरचा भाव ज्याला सांगायचाय तो सांगेल आपणहून. आणि वर्गात शेतमजुरांची पोरंही असतात, त्यांच्या घरी पट्टी नसते, मजुरी असते, ते पण लक्षात ठेवा.
महागाईसाठी आमचा खेळ चालला होता. खडूचे तुकडे म्हणजे पैसे, प्रत्येकाला पाच. पाच चॉकलेटांचा लिलाव. पहिलं चार तुकड्यांना गेलं. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला दहा तुकडे, चॉकलेटं तेवढीच, तर तेच चॉकलेट नऊला गेलं आणि पोरं ओरडली "ताई हे चीटिंग आहे". म्हटलं हेच तर शिकवायचं होतं 😀 (चॉकलेटं शेवटी सगळ्यांना वाटा नाहीतर मारामारी होते.)

त्र्याण्णवातला_एक
त्या ऑप्शनवाल्या पोराला हसून सोडू नका प्लीज. तो उद्या मोबाईलवर कुणाचं तरी चॅनल बघून शिकणारच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे काढलेत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. मी त्या ९३ मधलाच, बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. भीती घालू नका पण त्याला आधी भिशीचा हिशोब करायला द्या. वीस जण, महिना हजार, पहिली भिशी उचलणारा आणि शेवटची उचलणारा यांच्यात फायदा कुणाचा आणि का. हे ज्याला जमलं त्याला व्याज कळलं, व्याज कळलं की बाकीचं हळूहळू कळतं.

निफाडचा_टीवायवाला
अपडेट. काल नाव झाकलेली पट्टी नेली, मामाचीच होती. पेनफाईट बंद!! पण एक लोचा झाला. एका मुलीने विचारलं, माल व्यापारी विकत घेतो तर मग हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पैशातून का कापतात. आम्ही सहा जण एकमेकांकडे बघत बसलो. मास्तर, उत्तर द्या ना, पुढच्या शनिवारी सांगायचंय तिला.

जुने_मास्तर
देणार नाही 🙂 याच कपातीवरून एप्रिल २०२४ ला तुमच्याच जिल्ह्यात लिलाव बंद पडलेले, आणि तू मला विचारतोयस. वर्गाचे तीन गट करा, शेतकरी, व्यापारी, हमाल-मापारी (माल उचलणारे आणि वजन करणारे). त्या मुलीला हमालांच्या बाजूने बसवा. काय झालं ते इथे येऊन लिहा.