नाकाबंदीवरची वागणूक आणि पोलीस पाटील

‘टाळेबंदीत काठी उगारली नसती, तर खेड्यांनी ऐकलेच नसते’ असे करोनाच्या टाळेबंदीतील पोलिसांच्या वागणुकीबद्दल म्हटले जाते, पण ते मला मान्य नाही. आदेश मोडणाऱ्यावर तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदवता येत होता आणि त्यात दंड किंवा कैदेची तरतूद होती. भर चौकात उठाबशा काढायला लावण्याची नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात यवतमाळ-वर्ध्याकडील कित्येक शेतकऱ्यांचा कापूस विक्रीविना घरात पडून होता, तर हैदराबादकडून आलेले मजूर पांढरकवड्यावरून पायी उत्तरेकडे निघाले होते. नाक्यावर अडवलेला माणूस कर्जाने, भुकेने किंवा घरातल्या आत्महत्येने आधीच खचलेला असू शकतो, हे गृहीत धरून शिपायाने अगोदर पाणी द्यावे, अडवण्याचे कारण सांगावे, कुठे जायचे आहे ते विचारावे आणि मोबाइलवर चित्रीकरण मुळीच करू नये.

या कामात पोलीस पाटलाचा उपयोग फारच कमी झाला, असे मला वाटते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेल्या या माणसाला कोणत्या घरात काय घडून गेले आहे, हे ठाण्यापेक्षा अधिक ठाऊक असते. मात्र तो गावातल्या एखाद्या गटाचा असण्याचीही शक्यता असते (आणि ते गावाला चांगले माहीत असते), म्हणून विलगीकरणाच्या घरी त्याने आशाताईंना सोबत घेऊनच जावे. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात सलग उभ्या असलेल्या शिपायाला वेळेवर बदली माणूस मिळाला नाही, तर त्याच्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची, याचे उत्तर वरिष्ठांनीच द्यायला हवे.