नुसत्या मिठाला नावाचे पैसे का मोजायचे?

खडेमीठ (धागाकर्ता):
मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. उरणच्या मिठागरातलं असो की कारखान्यातलं. तरी वाण्याकडे टाटाचं किलोभर मीठ तिशीच्या घरात, आणि त्याच फळीवर अनोळखी नावाचं आयोडीनयुक्त पाकीट बरंच स्वस्त. चवीतला फरक ओळखणारा मला अजून भेटायचाय. आयोडीनचं म्हणाल, तर किलोमागे काही मिलिग्रॅमच लागतं. त्याचा खर्च पैशांत होतो, रुपयांत नाही. मग वरचे पैसे कशाचे? मोबाइल किंवा गाडी घेताना नाव बघणं मला पटतं. मिठात काय बिघडणार आहे?

सुगृहिणी:
तुम्ही सुट्या मिठाचे दिवस पाहिलेले दिसत नाहीत. दुकानाबाहेर उघडं पोतं, त्यात खडे, माती, आणि पावसाळ्यात बरणीला पाणी सुटायचं. १९८३ मध्ये टाटांनी पाकीटबंद मीठ आणलं, तेव्हा स्वच्छ, भुरभुरीत मीठ दर महिन्याला सारखंच मिळतं हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. नाव झालं ते त्यामुळे. त्याचे चार पैसे जास्त गेले तर गेले. महिन्याला किलोभर तर लागतं!

हिशेबतपासनीस:
ते काही समाजकार्य नव्हतं हो. गुजरातेत मिठापूरला त्यांचा सोडा अॅशचा (काच-साबणाला लागणाऱ्या सोड्याचा) कारखाना. तिथे पाण्याचं दुर्भिक्ष आणि बॉयलरला तर गोडं पाणी हवं. समुद्राच्या पाण्यापासून ते मिळवताना शुद्ध मीठ हाती आलं. जोडउत्पादन ते, वर नावाचा अधिभार!

सुगृहिणी:
जोडउत्पादन म्हणून फुकट वाटायचं का? लोणी काढल्यावर ताक उरतं, ते डेअरीवाला फुकट देतो?

हिशेबतपासनीस:
गावाकडे ताकाला पैसे घेत नसत, ताई. पण असो, धंदा आहे तर धंदा म्हणा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? माझा आक्षेप जाहिरातीत 'देश का नमक' म्हणण्याला आहे.

पाणीपरीक्षक:
दोन्हीकडून एक गोष्ट सुटतेय. कारखान्यात आयोडीन जास्त लागतं, पण ग्राहकापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम चालतं. ही सूट का? तर दमट हवेत, उन्हात, पातळ पिशवीत आयोडीन उडून जातं. दिवसाला आपल्याला साधारण १५० मायक्रोग्रॅम लागतं. १५ पीपीएमचं दहा ग्रॅम मीठ खाल्लं तर तेवढं मिळतं, तेही फोडणीत काही गेलं नाही असं धरून. मीठ आयोडीनयुक्तच विकायचं हा नियम २००६ पासून देशभर आहे, पण प्रत्येक दुकानातलं पाकीट कोण तपासतं? ती पोकळी नावाने भरली जाते. मोठ्या कंपनीचं एक पाकीट नापास झालं तर बातमी होते. तालुक्यातल्या पॅकिंगवाल्याचं झालं तर तो नवं नाव छापतो.

खडेमीठ:
म्हणजे सरकारी तपासणीत ढिलाई आहे म्हणून मी खासगी कंपनीला पैसे भरायचे! गावातल्या आशाताईंकडे (आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीकडे) मीठ तपासायची छोटी बाटली असते. थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. फुकट. मग नाव कशाला हवं?

रांजणखळगा:
मी अर्धा तुमच्या बाजूने. साध्या मिठाचे जास्तीचे पैसे मला खटकत नाहीत. खटकतं ते पुढचं. एकदा विश्वास बसला की त्याच नावाखाली सैंधव, काळं मीठ, आणखी काय काय निघतं आणि किंमत कितीतरी पट होते. कमी सोडियमच्या मिठाचं समजू शकतो, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो (मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये). पण गुलाबी दगड दळून दिला, एवढ्याला काय मोजायचं?

सुगृहिणी:
गुलाबीचं मान्य. ती हौस आहे, ज्याला परवडते त्याने करावी.

एकटा_बोका:
नोव्हेंबर २०१६ आठवतोय? मिठाचा तुटवडा पडणार अशी अफवा उठली आणि कुठे कुठे किलोला दोनशे-चारशे मोजले लोकांनी. तेव्हा पाकिटावरची छापील किंमतही उपयोगी पडली नाही, नाव तर लांबच.

खडेमीठ:
बरं. स्वस्तवालं पाकीट आशाताईंकडून तपासून घेतो. जांभळं झालं तर कायम तेच.

पाणीपरीक्षक:
जरूर घ्या. पण ते त्या एका पाकिटाचं झालं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या खेपेतलं येईल, त्याचं काय?