‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाचे वाद्यवृंदसंगीत : ते कसे ऐकावे?

परभणीची श्रोती

सप्रेम नमस्कार.

मी परभणीत राहते. २६ वर्षे शाळेत संगीत शिकवून आता निवृत्त झाले आहे. गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला भाचीकडे गेले असताना तिच्या ओळखीच्या काही रसिकांनी एका लहानशा सभागृहात ठेवलेला एक जुना हिंदी चित्रपट पाहण्याचा योग आला. तो होता उदय शंकर यांचा ‘कल्पना’. पंडित रविशंकर यांचे थोरले बंधू आणि जगभर गाजलेले नर्तक एवढीच मला त्यांची ओळख होती. त्यांनी आयुष्यात एक आणि एकच चित्रपट केला, हे तेथेच समजले. एक लेखक निर्मात्यापुढे बसून आपली कथा ऐकवतो आणि त्या कथेतला उदयन नावाचा नर्तक हिमालयात कलाकेंद्र उभारतो, असे त्याचे कथानक आहे. ते मला विस्कळीत वाटले, पण माझा प्रश्न कथानकाविषयी नाही. तो संगीताविषयी आहे.

त्या चित्रपटात मजूर आणि यंत्र यांचे एक समूहनृत्य आहे. माणसांचे हातपाय दांडे आणि चक्रे होऊन फिरू लागतात. ते पाहताना मी काही वेळाने डोळे मिटून घेतले आणि नुसती ऐकत राहिले. बोटे मांडीवर आपोआप मात्रा मोजू लागली. एखादी सुरावट वर येऊन आपल्याला आपल्यासोबत घेऊन जाते, तसे तेथे होत नव्हते. ठोक्यावर ठोका रचला जात होता, प्रत्येक ठोक्याचा नाद निराळा होता, आणि त्या निराळेपणातूनच जणू भिंत उभी राहत होती. आजवर मी हिंदी चित्रपटांचे पार्श्वसंगीत ऐकले ते बहुधा व्हायोलिनच्या ताफ्याचे, स्वरांच्या लाटा अंगावर येणारे. ती मोजपट्टी येथे लावता येईना. घरी येऊन आठ दिवस झाले तरी ते कानातून जात नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून विष्णुदास शिराली हे नाव होते. त्यांची घडण कुठली? हे संगीत चित्रपटावाचून स्वतंत्रपणे ऐकायला मिळते का? आणि ज्या वाद्यवृंदात पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती हा मुख्य आधार नाही, तो ऐकताना कानाने नेमके काय धरून ठेवावे?

देवगिरीकर

ताई, नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मराठी वाचकाला जवळचे आहे. विष्णुदास शिराली हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे त्यांची मुळाक्षरे पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाची. पुढे ते युरोपात गेले आणि उदय शंकर यांच्या नृत्यमंडळीत दाखल झाले. त्या मंडळीचे संगीत आधी सरोदवादक तिमिर बरन पाहत असत, नंतर ती जबाबदारी शिराली यांच्याकडे आली. १९३५–३६ च्या युरोप दौऱ्यात उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबही याच मंडळीसोबत होते. खाँसाहेबांनी मैहरला अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला होता आणि बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचे वाद्य घडवले होते. अशा माणसाच्या सहवासात राहिलेल्या संगीतकाराला नादाचा निराळेपणा हीच संपत्ती वाटली असेल, तर नवल नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच समाधानकारक आहे. त्या काळी चित्रपटातले जे ध्वनिमुद्रिकेवर येई ते गाणे, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मजकूर मावे, आणि पार्श्वसंगीत विकत घेऊन घरी ऐकावे अशी कल्पनाच रुजलेली नव्हती. परंतु १९३७ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने उदय शंकर यांच्या वादकांच्या तबकड्या काढल्या होत्या, त्यांचे संगीतदिग्दर्शन शिराली यांचेच होते. त्या शोधल्यास ऐकायला मिळतात. ‘कल्पना’च्या दहाएक वर्षे आधीची ही त्यांची भाषा एकदा कानावर घेतली, तर चित्रपटातले पुष्कळ काही उलगडत जाईल.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण ‘वाद्यवृंद’ हा शब्द आधुनिक समजून वापरतो, पण ‘वृंद’ या संकल्पनेची काटेकोर मांडणी ज्या ग्रंथात आहे तो आपल्याच मातीत लिहिला गेला. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त उत्तम वृंदाची गणतीच दिली आहे: मुख्य गायक ४, त्यांना साथ करणारे ८, गायिका १२, बासरीवादक ४ आणि मृदंगवादक ४. असे ३२ जण. शिवाय गीत, वाद्य आणि नृत्त या तिन्ही गोष्टी मिळून संगीत होते, अशी त्याची व्याख्या आहे. ‘कल्पना’सारखा चित्रपट पाहताना मला ती व्याख्या प्रत्यक्ष डोळ्यांपुढे दिसते. शिराली यांनी हे सूत्र समोर ठेवून काम केले, असा माझा दावा मुळीच नाही. आपल्याला ऐकण्यासाठी मोजपट्टी हवी असेल तर ती दौलताबादच्या पायथ्याशी आहे, इतकेच म्हणतो.

गोदातीर

देवगिरीकरांनी इतिहास सांगितला, मी हाताने जे केले आहे ते सांगतो. मी नांदेडचा, तबला वाजवतो आणि शिकवतो.

ताई, आपल्याला जो ‘प्रत्येक ठोका निराळा’ असा अनुभव आला, त्याची एक गुरुकिल्ली तबलातरंग हे वाद्य आहे, आणि शिराली हे तबलातरंगासाठीच वाखाणले गेलेले वादक होते. दहा ते सोळा दायाँ (तबल्याच्या जोडीतले उजव्या हाताचे) अर्धवर्तुळात मांडायचे, प्रत्येक वेगळ्या स्वरात लावायचा, आणि मध्ये बसून दोन्ही हातांनी त्यांच्यावर सुरावट वाजवायची. ऐकायला सोपे वाटते. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी ११ तबल्यांचा तरंग लावला होता. सकाळी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या काठाच्या चामडी विणीवर, हातोडी मारून आणि वाद्यांखालचे गट्टे (लाकडी ठोकळे) सरकवून सगळे स्वर जागेवर आणायला मला पावणेदोन तास लागले. दुपारी पावसाची एक सर येऊन गेली, हवेत ओल भरली, चामडे सैल झाले आणि संध्याकाळी पडदा उघडण्याच्या वेळी ११ पैकी ७ तबले उतरलेले होते. पंचम तर साफ पडला होता. तेव्हापासून कुठेही तबलातरंग ऐकला की मला आधी त्या माणसाची सकाळ आठवते.

आता या वाद्याचा स्वभाव पाहा. बासरीचा किंवा सारंगीचा स्वर लांबवता येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. तबलातरंगाचा स्वर जन्मतो आणि लगेच विरतो. पाणी भरलेल्या वाडग्यांवर काडीने वाजवायच्या जलतरंगाचेही तेच, मात्र त्याचा विरण्याचा झंकार थोडा अधिक टिकतो. मींड (स्वरावरून स्वरावर घसरणे) नाही, आस (मागे रेंगाळणारा नाद) जेमतेम. ख्यालाच्या दृष्टीने ही या वाद्यांची उणीव म्हणावी लागेल. नृत्याच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण आहे, कारण पाऊलही असेच असते: ते पडते आणि संपते. स्वर असलेला ठोका पावलाला चिकटतो. यंत्राच्या नृत्यात माणसांचे सांधे जसे झटक्याने थांबतात, तसाच स्वरही झटक्याने थांबला पाहिजे, आणि तेथे व्हायोलिनचा लांब गज चालला नसता, असे माझे ठाम मत आहे.

उदय शंकर यांच्या मंडळीत बहुधा नृत्य आधी बांधले जाई आणि संगीत त्याच्या अंगाने मागाहून रचले जाई. आपल्याकडे कथकाच्या साथीला बसणाऱ्या तबलजीला याची थोडीफार कल्पना असते. लेहरा, म्हणजे आवर्तनभराची ठरावीक सुरावट, एकसारखा चालू असतो आणि साथ करणाऱ्याची नजर पावलांवर खिळलेली असते. पण तेथे साथीला तालाचे आवर्तन तरी ठरलेले असते. ज्या नृत्यात हालचालीची लांबी भावानुसार कमीजास्त होते, तेथे संगीतकाराला मात्रांचे माप प्रत्येक वेळी नव्याने कापावे लागते. चित्रपटात तर साधारणपणे संगीत आधी मुद्रित करून ते वाजवत नृत्य चित्रित करतात, म्हणजे क्रम उलटा होतो. म्हणून मला वाटते की, रंगमंचावर इतकी वर्षे नर्तकांचे श्वास मोजलेल्या संगीतकारालाच मुद्रणाच्या खोलीत बसून, समोर नर्तक नसताना, त्यांची पावले डोळ्यांपुढे आणता आली असतील.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे. पहिल्या ऐकण्यात फक्त खर्ज धरा, म्हणजे सगळ्यात खालचा ठोका कोणता आणि तो किती मात्रांनी परत येतो ते पाहा. दुसऱ्या वेळी खर्ज सोडून द्या आणि मधल्या पट्टीत कोण बोलते आहे ते ऐका. एकाच सुरावटीला दोन-तीन वाद्ये आपापल्या परीने किंचित वेगळी वाजवत असतात, कोणी एक स्वर गाळते, कोणी एखादा जास्तीचा घेते. आपल्या वृंदाचा भरदारपणा या बारीक फरकातून येतो.

लेणीवेडी

मी संगीताची विद्यार्थिनी नाही, पण राहवले नाही म्हणून लिहिते. परभणीच्या ताईंनी पुढच्या वेळी संभाजीनगरला आल्यावर बिबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात असलेल्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातवे लेणे अवश्य पाहावे. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत या लेण्यांकडे फारसे कोणी वळत नाही. गाभाऱ्याच्या भिंतीवर मधोमध एक नर्तकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक स्त्रिया बसल्या आहेत. कोणाकडे बासरी, कोणापुढे तालवाद्ये, कोणाच्या हातात झांजा. आत अंधार असतो, विजेरी तिरकी धरावी लागते. प्रकाश बाजूने पडला की वादक स्त्रियांची बोटे वर येतात आणि मग लक्षात येते की त्या सहाजणींपैकी एकीचेही अंग नर्तकीपासून तुटलेले नाही. तिच्या कमरेला जो बाक आहे त्याच बाकाचा उतार त्यांच्या खांद्यांतही आहे. श्री. गोदातीर म्हणतात ते पावलाला चिकटणे मला तेथे दगडात दिसते.

एक जोड द्यावीशी वाटते. १९२३ मध्ये आना पावलोव्हा या रशियन नर्तकीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले सादर केला, आणि त्याच वर्षी तिच्या दुसऱ्या भारतीय नृत्यांत तरुण उदय शंकर तिच्यासोबत राधा-कृष्णाच्या जोडीतले कृष्ण झाले होते.

जुनी रिळे

सर्वांचे वाचून समाधान वाटले. ध्वनीच्या बाजूची एक गोष्ट राहून जात आहे, म्हणून तेवढीच मांडतो.

आपण जे ऐकले ते १९४८ सालचा आवाज जसाच्या तसा नाही, हे ध्यानात असावे. त्या काळी चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापला जाई. या पद्धतीत फार वरच्या कंपनांचे नाद आधीच निसटतात, आणि प्रतीवरून प्रत काढताना धूळ, ओरखडे आणि खरखर यांची भर पडत जाते. ‘कल्पना’ कित्येक वर्षे जवळपास दुर्मिळ होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या सामग्रीवरून २०१२ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि त्याच वर्षी तो कान महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा त्यात उमाची भूमिका केलेल्या, उदय शंकर यांच्या पत्नी अमला शंकर स्वतः उपस्थित होत्या. आवाज स्वच्छ करणाऱ्यापुढे नेहमीच पेच असतो. खरखर जितकी जास्त काढावी, तितका तिच्यासोबत जलतरंगाच्या काडीचा पहिला टकटकीत स्पर्शही पुसला जातो. म्हणून थोडी खरखर राहिलेली प्रत मला नेहमी अधिक विश्वासाची वाटते.

ऐकताना दोन ध्वनिवर्धकांऐवजी एकच लावून पाहा. मूळ आवाज एकाच वाहिनीचा आहे. तो एका जागेवरून आला की वाद्यांच्या जवळ-दूरच्या जागा अधिक स्पष्ट होतात. २०२२ मध्ये परदेशात हा चित्रपट इतर पाच चित्रपटांसह एका संचात प्रसिद्ध झाला. मागवण्यापूर्वी एवढे पाहून घ्या की त्या संचाच्या ब्लू-रे तबकड्या ‘ए’ विभागासाठी आहेत आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो. साध्या यंत्रावर त्या चालत नाहीत. मला हे पैसे भरल्यानंतर समजले आणि मग सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे यंत्र शोधण्यात चार महिने गेले.

परभणीची श्रोती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री १९३७ च्या त्या तबकड्यांमधले काही ऐकले, श्री. गोदातीर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी फक्त खर्ज धरून. तिसऱ्या ऐकण्यात एक लहानसा प्रकार लक्षात आला: वाद्यांचे सारे बोलणे थांबते, एका मात्रेची शांतता येते आणि मगच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पडते. ती शांतता मी आधी दोनदा ऐकूनही ऐकली नव्हती.

आज सकाळी माळ्यावरून माझे जलतरंगाचे वाडगे खाली काढले. १४ होते, त्यांतल्या दोघांच्या काठाला टवका गेला आहे आणि एक बद्द वाजतो, पण बाहेरून त्याला काही झालेले दिसत नाही. श्री. गोदातीर, असा वाडगा कामाचा राहतो का?

गोदातीर

ताई, टवका गेलेले दोन्ही वाडगे चालतील, फक्त काडी टवक्याच्या समोरच्या काठावर मारा. बद्द वाजणाऱ्याला मात्र आतून केसाएवढी चीर असणार. त्यात कोमट पाणी भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदाला ओल लागली, तर तो बाजूला काढा. आणि सध्याच्या उन्हात सूर लावलेत तर तासाभराने पुन्हा तपासा. पाणी उडून पातळी खाली गेली की स्वर चढतो. एक चहाचा चमचा पाणी पुन्हा घातले की तो जागेवर येतो.