किम गार्थ हिने आयर्लंड का सोडले?

प्रश्न : सुधीर, दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोटंबीच्या मैदानावर महिला प्रीमियर लीगचे सामने झाले, तेव्हा आमच्याकडे सरावाला येणाऱ्या मुलींना घेऊन मी बेंगळुरू विरुद्ध दिल्ली हा सामना पाहिला. स्मृती मानधनाच्या ८१ धावांची चर्चा साहजिकच अधिक झाली. परंतु आमच्या गोलंदाज मुलींचे डोळे बेंगळुरूच्याच किम गार्थवर होते. चेंडूची शिवण उभी ठेवून ती एकाच टप्प्यावर चिवटपणे मारा करत राहिली आणि १९ धावांत तिने २ बळी घेतले. ही ऑस्ट्रेलियाची खेळाडू पूर्वी आयर्लंडकडून खेळत असे, असे मी सांगताच एकीने विचारले, "म्हणजे तिने देश सोडला?" जाणकारांनी तिच्या कारकिर्दीविषयी लिहावे, म्हणजे मला मुलींना नीट उत्तर देता येईल.

उत्तर : मृणाल, कारेलीबाग

सुधीरकाका, किमचा जन्म १९९६ चा, डब्लिनचा. तिचे आई आणि वडील दोघेही आयर्लंडकडून खेळलेले, त्यामुळे क्रिकेट घरातच होते. २०१० मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात आली. पुढची जवळजवळ दहा वर्षे नवा चेंडू तिच्या हाती असे आणि फलंदाजीतही संघ तिच्यावर विसंबून असे. मात्र त्या काळात आयर्लंडच्या महिला खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळत नव्हते. शिक्षण किंवा नोकरी सांभाळूनच खेळावे लागे. त्यात २०१९ च्या पात्रता स्पर्धेत संघ अडखळला आणि २०२० चा टी-२० विश्वचषक हुकला. २०२० मध्येच ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया संघाने तिला करार देऊ केला आणि तिने तो स्वीकारला. आयर्लंडने महिलांना पूर्णवेळ करार दिले ते २०२२ मध्ये. क्रिकेट हेच काम मानून जगू पाहणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीने तोवर वाट पाहावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये, आपल्याच नवी मुंबईत, भारताविरुद्ध ती प्रथम ऑस्ट्रेलियाकडून खेळली. पुढच्या मार्चमध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्सकडून उत्तर प्रदेशच्या संघाविरुद्ध तिने ३६ धावांत ५ बळी टिपले. सामना तरीही हातचा गेला, हे आपल्याकडील प्रेक्षकांना आठवत असेल.

उत्तर : अविनाश, मांजलपूर

मृणालताईंचे म्हणणे पटते, तरी दुसरी बाजूही मुलींपुढे यावी. गॅबी लुईस २०१४ मध्ये तेराव्या वर्षी आयर्लंडकडून खेळू लागली आणि तिथेच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये राजकोटला कर्णधार म्हणून तिने भारताविरुद्ध ९२ धावा केल्या. त्याच मालिकेतील अखेरच्या सामन्यात भारताने ४३५ धावांचा डोंगर उभारून आयर्लंडला ३०४ धावांनी हरवले. अशा संघात किमसारखी अनुभवी गोलंदाज असती, तर त्या तरुण गोलंदाजांना केवढा आधार मिळाला असता! एका खेळाडूच्या जाण्याने लहान संघाचे किती नुकसान होते, हे त्या धावफलकावर स्पष्ट दिसते. जो संघ २००० साली डब्लिनमध्ये पाकिस्तानविरुद्ध कसोटी एका डावाने जिंकला होता, त्याच्याविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून हे लिहिले.

उत्तर : मृणाल, कारेलीबाग

अविनाशजी, नुकसान झाले, हे मान्य. पण त्याचे उत्तर आयर्लंडच्या क्रिकेट मंडळाने द्यायचे, मुलीने नव्हे. त्याच कसोटीत सहा बळी घेणाऱ्या इसोबेल जॉइसचा भाऊ एड जॉइस इंग्लंडकडून खेळला, परत आयर्लंडकडून खेळला आणि पुढे याच महिला संघाचा प्रशिक्षक झाला. त्याला कोणी दारे बंद केली नाहीत. आपल्या बडोद्याच्या संघात राधा यादव मुंबईहून आली, तिला आपण परकी मानतो का?

काका, मुलींना ३० ऑक्टोबर २०२५ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यातील किमची पहिली षटके अवश्य दाखवा. भारताने तो सामना जिंकला, परंतु शफाली पायचीत झाली ती किमच्याच चेंडूवर. स्मृतीच्या पायाकडून गेलेला किमचा चेंडू पंचांनी वाइड ठरवला होता. ऑस्ट्रेलियाने दाद मागितली, तेव्हा बॅटची पुसटशी कड लागल्याचे दिसले आणि स्मृती झेलबाद ठरली. दोन्ही चेंडू थांबवून थांबवून पाहिले, तर शिवणीचा रोख मुलींच्या लक्षात येईल.