अजून ऐकायचे राहिलेले गायक-वादक : कोणाला, कुठे आणि कसे ऐकावे?

गांधारप्रिया (नाशिक)

नमस्कार. जानेवारी २०२४ मध्ये ९ तारखेला उस्ताद राशिद खाँ आणि १३ तारखेला डॉ. प्रभा अत्रे असे दोन मोठे गळे एकाच आठवड्यात शांत झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेनही गेले. यांपैकी प्रभाताईंना मी समोर बसून ऐकले आहे. बाकीचे दोघे माझ्यापुरते ध्वनिमुद्रणातच राहिले. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे, तो येथील जाणत्या श्रोत्यांपुढे ठेवते. आज गात-वाजवत असलेल्या कलावंतांपैकी ज्यांना प्रत्यक्ष ऐकणे पुढे ढकलू नये असे आपणांस वाटते, ते कोण? आपल्या आठवणीत राहिलेली मैफल कोणती आणि ती नेमकी कशामुळे राहिली, हेही कृपया लिहावे, कारण केवळ नावांची यादी मला कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत मिळेल. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जाऊन येता येईल अशी ठिकाणे सुचवल्यास अधिक बरे होईल. मला राग थोडेफार ओळखता येतात. ताल मात्र अजून हातावर मोजावा लागतो.

मांडवातला जुना श्रोता (पुणे)

पुण्याच्या माणसाने सवाईपासून सुरुवात करणे क्रमप्राप्त आहे. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हा महोत्सव सुरू झाला. भीमसेनजींनी (पंडित भीमसेन जोशी) तो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ घरच्या कार्यासारखा सांभाळला. रेणुका स्वरूप प्रशालेचे पटांगण, नंतर रमणबाग आणि २०१८ पासून मुकुंदनगरचे महाराष्ट्रीय मंडळ असा त्याचा प्रवास झाला. जागा बदलल्याचे मला फारसे दुःख नाही. वेळ बदलल्याचे आहे.

पूर्वी सवाई रात्रभर चालत असे. मध्यरात्र उलटून गेल्यावर दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललित, उजाडताना भटियार किंवा तोडी, असा रागांचा क्रम घड्याळाबरोबर सरकत असे आणि डिसेंबरच्या थंडीत शाल-घोंगडी गुंडाळून बसलेल्या श्रोत्यालाही तो शरीराने कळत असे. फिरोज दस्तूर गायला बसले की त्यांच्या ठरलेल्या चिजेची फर्माईश मांडवाच्या मागच्या टोकाकडून हटकून येई आणि शेवटी भीमसेनजी गात. माझ्या आठवणीत राहिलेली मैफल अशी एखादीच वेगळी काढता येत नाही, कारण एका गायकाच्या षड्जाची (सा या स्वराची) आस, म्हणजे गुंजत राहणारा नाद, पुढच्याच्या पहिल्या आलापापर्यंत टिकून असे आणि दोन्ही मिळून एकच रात्र होई.

ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंदी आली. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, परंतु तेवढ्यातच गणेशोत्सव, नवरात्र आणि बाकी सगळे बसवायचे असते. परिणामी सत्रे दुपारी सुरू होऊ लागली. मुलतानी, मधुवंती, मारवा आणि पूरिया धनाश्री या दुपार-संध्याकाळच्या रागांचे भाग्य उघडले, दरबारीचे फुटले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, मांडवाशेजारी राहणाऱ्या रुग्णाला दरबारीशी काही कर्तव्य नसते. तरीही कोणाला ऐकावे याच्याइतकेच कोणत्या प्रहरी ऐकावे हेही आपण ठरवावे, असे मला सुचवायचे आहे.

नाव एकच सांगायचे तर पंडित व्यंकटेश कुमार. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवई यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि धारवाडला राहून गायन केले. उर्वरित भारताने त्यांची दखल बरीच उशिरा घेतली. मोठ्या मांडवातही आवाजाची गोलाई न सांडता तारसप्तकात स्थिर उभे राहणारा गायक मला आज दुसरा दिसत नाही. त्यांचा जन्म १९५३ चा आहे, म्हणून आपण फार थांबू नये.

मिरजकर

पुण्याच्या सदस्यांनी सवाई गंधर्वांचे नाव घेतले. त्यांच्या गुरूंचे गाव आमचे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना वाटेतल्या एका रेल्वे स्थानकावर निवर्तले आणि त्यांना येथे, मिरजेत, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. उरुसाच्या दिवसांत दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. हिराबाई बडोदेकर ही त्यांची कन्या, सवाई गंधर्व हे शिष्य, गंगूबाई हनगल आणि भीमसेनजी हे सवाई गंधर्वांचे शिष्य, आणि प्रभाताई या सुरेशबाबू माने व हिराबाईंच्या शिष्या, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे त्या आवारात गायला बसणाऱ्याच्या मनावर काय दडपण येत असेल याची कल्पना येते.

येथे तिकीट नसते आणि राखीव खुर्च्यांची पहिली रांगही नसते. दर्शनाला आलेली माणसे वाटेत थांबतात, मुले इकडून तिकडे धावतात, आणि तशातही एखादा गायक विलंबित (संथ लयीचा) खयाल असा मांडतो की धावणारी मुलेही बसतात. नामवंत कलावंत येतात. तरुण गायकही येतात आणि मला तेच अधिक ऐकावेसे वाटतात, कारण त्यांना येथे काही सिद्ध करायचे असते. उरूस चांद्रमासाप्रमाणे येत असल्यामुळे तारीख दर वर्षी सरकते. ती आधी विचारून घ्यावी. सकाळी वेळ मिळाल्यास सतारमेकर गल्लीत अवश्य जावे. भोपळ्यापासून तंबोरा घडताना पाहावा आणि जवारी काढताना (तारा टेकतात ती घोडी घासून नाद जुळवताना) कान देऊन उभे राहावे. तारेखाली दोरा किंचित सरकला की नाद कसा उघडतो हे पाहिल्यानंतर मैफलीत तंबोऱ्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण कारागिरांच्या पुढच्या पिढीचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

खर्ज (ठाणे)

मी थोडा मतभेद नोंदवू इच्छितो. ‘हे गेले, आता ते जाण्याआधी ऐकून घेऊ’ या वृत्तीने मैफलीला जाणे मला पटत नाही. अशा श्रोत्याचे अर्धे लक्ष आपण त्यांना ऐकले या समाधानाकडे असते. त्याऐवजी एकच कलावंत निवडावा आणि तीन-चार वर्षे, मिळेल तिथे, वेगवेगळ्या रागांत त्याला ऐकावे. खयाल ही गोष्ट एका बैठकीत कळत नाही.

दुसरे असे की महोत्सवात कलावंताला साधारण तासाभराचा अवधी मिळतो. त्यात विलंबित खयालाची बढत (रागाचा सावकाश विस्तार), छोटा खयाल, तराणा आणि लोकाग्रहास्तव एखादा अभंग असे सगळे बसवायचे झाल्यास आलापीचा बळी जातो आणि तानांचा पाऊस पडतो, कारण हजारोंच्या मांडवात टाळ्या तानेलाच मिळतात. दोष गायकाचा नाही. मांडव तसे गायला लावतो. म्हणून शंभर-दीडशे श्रोत्यांची बैठक मी नेहमी वरची मानतो, आणि त्यातही ध्वनिवर्धक जेमतेम असलेली.

पंडित उल्हास कशाळकर यांना अशाच बैठकीत ऐकावे. राम मराठे आणि डोंबिवलीचे गजाननबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतली, आणि पुढे अनेक वर्षे कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत त्यांनी शिष्य घडवले. तीन घराण्यांचे मिश्रण करणारे पुष्कळ आहेत. कशाळकरांचे वैशिष्ट्य असे की बंदिश ज्या घराण्याची, त्या घराण्याच्या शिस्तीतच ते ती मांडतात. जयपूरचा अनवट (क्वचित गायला जाणारा) राग गाताना ते आग्र्याची बोलबांट (बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाणे) मध्ये घुसडत नाहीत. हे कळण्यासाठी त्यांना किमान दोन वेळा ऐकावे लागते, म्हणून वरचा आग्रह.

ताल हातावर मोजावा लागतो असे आपण लिहिले आहे. मोजावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना गायक, तबला आणि श्रोत्याची मान एकत्र खाली यावी लागते, आणि विलंबित एकतालात (बारा मात्रांच्या संथ तालात) ती सम गाठण्यासाठी बरीच वाट पाहावी लागते. तबल्यासाठी पंडित सुरेश तळवलकर यांचे एकल वादन जरूर ऐकावे. ते बोल आधी म्हणून दाखवतात, मग वाजवतात. शिक्षकाला हे निश्चित आवडेल.

फोंडेकर (गोवा)

वरील चर्चेत गोव्याचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. सूरश्री केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातील केरी गावच्या; पणजीत त्यांच्या नावाने संगीत समारोह होतो आणि कला अकादमीच्या बंद सभागृहात तो ऐकायला मिळतो, त्यामुळे वाऱ्याबरोबर स्वर वाहून जाण्याचा प्रश्न नसतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण ते ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचे आहे. त्यांची खरी मैफल कशी असेल याचा अंदाज त्यावरून बांधणे कठीण आहे. ज्यांनी त्यांना समोर ऐकले अशी माणसे आता उरली नाहीत म्हटले तरी चालेल.

माझ्या आठवणीतली मैफल किशोरीताईंची (किशोरी आमोणकर). त्या श्रोत्यांकडून संपूर्ण शांततेची अपेक्षा ठेवत आणि अनेकांना ते जाचक वाटे. त्या संध्याकाळी स्वरमंडळ लागेपर्यंत बराच वेळ गेला, लोकांची चुळबुळ सुरू झाली, ती हळूहळू आपोआप थांबली, आणि त्यानंतर त्यांनी लावलेला पहिला गंधार जणू त्या शांततेतूनच निघाला. त्या वाट पाहण्याला मी तोवर लहरीपणा समजत होतो असे नव्हे, पण त्याचा उपयोग मला त्या दिवशी समजला. त्या २०१७ च्या एप्रिलमध्ये गेल्या. केसरबाई आणि किशोरीताई ज्या जयपूर घराण्याच्या, त्याचे गाणे आज ऐकण्यासाठी मी अश्विनी भिडे-देशपांडे आणि श्रुती सडोलीकर यांची नावे घेईन. दोघींचे गाणे एकमेकींपासून पुष्कळ वेगळे आहे आणि ते तसे असणे हेच त्या घराण्याचे बळ आहे.

हावडा ब्रिजपलीकडला (कोलकाता)

रात्रीच्या रागांचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. ध्वनिक्षेपकाचा नियम बंद सभागृहांना त्याच प्रकारे लागू होत नाही. त्यामुळे येथील डोव्हर लेन संगीत संमेलन आजही जानेवारीत नझरुल मंचावर रात्रभर चालते. मराठी गायक-वादक तेथे नेहमी असतात आणि बंगाली श्रोता त्यांना पहाटे चार वाजताही जागा राहून दाद देतो. नाशिकहून यायला लांब आहे, हे मान्य. परंतु खरा दरबारी त्याच्या वेळेला ऐकायचा असेल तर लांब यावे लागेल.

गांधारप्रिया (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्ज यांचा आक्षेप मला निम्मा पटला. एकाच कलावंताचा पाठपुरावा करण्याची कल्पना मी कशाळकरांपासून अमलात आणीन, मात्र उतारवयातील कलावंतांना एकदा तरी ऐकावे ही इच्छा मी सोडणार नाही. बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ चा आहे आणि त्यांना मी अजून ऐकलेले नाही. सवाईच्या शनिवार-रविवारसाठी एका दिवसाचे तिकीट काढणे जमेल असे दिसते. खुर्ची घ्यावी की भारतीय बैठक, एवढे कृपया सांगावे. शिवाय तंतुवाद्यांबद्दल कोणीच लिहिले नाही. पंडित बुधादित्य मुखर्जी सतारीबरोबर सुरबहारही वाजवतात असे वाचले आहे. ते येथे कोणी प्रत्यक्ष ऐकले आहे काय?

मांडवातला जुना श्रोता (पुणे)

गुडघे साथ देत असतील तर भारतीय बैठकच घ्यावी. जाड सतरंजी, पाण्याची बाटली आणि स्वेटर बरोबर असावा. पटांगणात सूर्य कलला की गारठा लगेच चढतो. पहिल्या कलावंताच्या आधी पोहोचावे. सत्राची सुरुवात बहुधा तरुण गायकाची असते आणि ज्यांना दहा वर्षांनी ऐकण्यासाठी लोक धडपडणार आहेत ते तेव्हा अर्ध्या रिकाम्या मांडवापुढे गात असतात.

हावडा ब्रिजपलीकडला (कोलकाता)

बुधादित्यजींचे सुरबहार ऐकले आहे. हे वाद्य सतारीहून मोठे आणि खर्जाचे. एकदा छेडलेली तार बराच वेळ गुंजत राहत असल्यामुळे वादक एकाच आघातावर मींडीने (तार ओढून) अनेक स्वर ओढून काढू शकतो. म्हणून त्यावर तालातली गत आणि द्रुत झाल्यापेक्षा तबल्याविना होणारा आलाप-जोड ऐकावा. कार्यक्रमपत्रिकेत ‘सतार’ एवढेच छापलेले असल्यास सुरबहार वाजेलच असे गृहीत धरू नये. आयोजकांना आधी विचारून मगच रेल्वेचे आरक्षण करावे.