बॅनरवरचा डावीकडून तिसरा

वैदेही (ए-204): गेटवर स्पोर्ट्स डेचा बॅनर लागलाय, "छोटा देश, मोठी झेप". फोटोतला डावीकडून तिसरा कोण आहे हे कमिटीत कोणी बघितलं का? की दिवाळीच्या कंदिलांसारखंच, "रोहन बघेल"?

रोहन (सी-501): ताई, ती फिजीची रग्बी सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) टीम आहे. 2018 ची. अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून आपली मुलं खालच्या पॅसेजमध्ये तेच खेळतात, म्हणून लावला.

वैदेही (ए-204): टीमबद्दल बोलतच नाहीये. तिसरा अमेनोनी नासिलासिला आहे. जानेवारी 2019, फिजीतलं लाउटोका हायकोर्ट, बलात्काराबद्दल 8 वर्षं कैद. आपल्या सात-आठ वर्षांच्या पोरी त्याच्याखाली उभं राहून मेडल घेणार आहेत.

रोहन (सी-501): 😳 खरंच माहीत नव्हतं ताई. गूगलवर पहिला आला तो घेतला.

मोहिते (बी-102): रग्बी म्हणजे कबड्डीच ना, बॉल घेऊन?

पाटकी (बी-403): बॅनरचे 1800 कोणाच्या मंजुरीने गेले? सर्वसाधारण सभेत विषय आला नव्हता.

देशपांडे काका (ए-502): वैदेही, रागावू नकोस, पण थोडं ऐक. मी बँक ऑफ बडोदाच्या फिजीतल्या सुवा शाखेत होतो हे सर्वांना ठाऊक आहेच.

निखिल (सी-203): ठाऊक आहे काका 🙏

देशपांडे काका (ए-502): तिथे हा खेळ म्हणजे धर्म आहे. 2016 ला रिओमध्ये फायनलला ब्रिटनला 43-7 हरवलं. देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक आणि तेही सोनं! सरकारी सुट्टी दिली. पुढच्या वर्षी 7 डॉलरची नोट काढली, कर्णधार कोलिनिसाऊ आणि कोच बेन रायन यांची. तिथल्या मित्राने पाठवली, माझ्याकडे आहे. ही पोरं खेड्यांतली. सिंगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवून पळवून तयार केलेली. हा नासिलासिला 2017-18 च्या मोसमातला. काय मोसम होता! हाँगकाँगची स्पर्धा सलग चौथ्यांदा, सिंगापूर, लंडन, सगळं जिंकले आणि शेवटी वर्षभराची जागतिक मालिका गेली फक्त 2 गुणांनी. 182 दक्षिण आफ्रिका, 180 फिजी. पुढे नासिलासिलाला फ्रान्सच्या क्लबने उचललं असतं तर घरदार उभं राहिलं असतं. एका चुकीने आयुष्य गेलं पोराचं.

वैदेही (ए-204): काका, पास हातातून सुटतो त्याला चूक म्हणतात.

अनघा (बी-301): 👏👏

पाटकी (बी-403): माझा प्रश्न तसाच आहे. 1800.

देशपांडे काका (ए-502): मी समर्थन करत नाहीये. हळहळ वाटते एवढंच म्हटलं.

वैदेही (ए-204): तीच तर गंमत आहे. एवढा मोठा मेसेज लिहिलात, दोन गुण लक्षात, नोट लक्षात. तिच्याबद्दल एक ओळ नाही. तिचं नाव बाहेर आलं नाही ते बरंच झालं. पण मग गोष्टीत माणूस एकच उरतो, तो आणि त्याचं बुडालेलं करिअर.

(हा मेसेज डिलीट केला आहे – मोहिते, बी-102)

अनघा (बी-301): मोहिते, डिलीट करायच्या आधी वाचला मी. "अशा वेळी दोन्ही बाजू असतात" म्हणे. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकूनच 8 वर्षं दिली ना?

मोहिते (बी-102): जनरल बोललो होतो. लगेच अंगावर यायची गरज नाही. बी विंगला पाणी दोन दिवस कमी दाबाने येतंय त्यावर कोणी एवढं टायपिंग केलं नाही.

कदम (ए-103): ए विंगला पण कमीच आहे.

मोहिते (बी-102): तुमच्याकडे पाइप धरून गाड्या धुतात, म्हणून.

सेक्रेटरी: कृपया पाण्याचा विषय वेगळा ठेवा. टाकी रविवारी साफ होणार आहे.

देशपांडे काका (ए-502): वैदेही, 8 वर्षं म्हणजे तिथे कायदा नरम आहे असं समजू नकोस. जास्तीत जास्त जन्मठेप आहे या गुन्ह्याला. आणि नॅशनल टीमचा म्हणून सोडलं नाही त्याला, हेही बघ. आपल्याकडे नगरसेवकाच्या भाच्याला पकडायचं तर पोलीस आधी चहा मागवतात.

वैदेही (ए-204): हे मान्य, काका. सोडलं नाही हे मोठंच आहे, कारण तिथलं चित्र फार वाईट आहे. फिजी विमेन्स क्रायसिस सेंटरचा 2013 चा अहवाल आहे. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायका 64 टक्के. तिथे एका स्टार खेळाडूविरुद्ध कोर्टात उभं राहणं म्हणजे काय असेल!

देशपांडे काका (ए-502): 64?

वैदेही (ए-204): हो.

देशपांडे काका (ए-502): आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या, तिसऱ्या पिढीतलं. रात्री आवाज यायचे. आम्ही टीव्ही मोठा करायचो. असो.

निखिल (सी-203): काका, टीव्हीवर रग्बीच असेल 😅

अनघा (बी-301): निखिल, कधीतरी गप्प बस.

निखिल (सी-203): सॉरी.

पाटकी (बी-403): बॅनर. 1800. मंजुरी.

रोहन (सी-501): पाटकी काका, मी भरतो माझ्या खिशातून. आता खूश?

पाटकी (बी-403): प्रश्न पैशांचा नाही, पद्धतीचा आहे. 2022 ला वॉचमनच्या रेनकोटचंही असंच झालं होतं.

सेक्रेटरी: बॅनर आज संध्याकाळी उतरवतो. रोहन, दुसरा फोटो सुचव. मेहनत केलीस, नाराज होऊ नकोस.

रोहन (सी-501): फिजीच्याच जेरी तुवाईचा चालेल? न्यूटाउन वस्तीतला आहे, लहानपणी प्लास्टिकच्या बाटलीचा बॉल करून खेळायचा. रिओ आणि टोकियो, दोन्हींचं सोनं त्याच्याकडे. टोकियोला फायनलला न्यूझीलंडला 27-12 हरवलं.

अनघा (बी-301): हा छान आहे. मुलांना बाटलीचं सांगता येईल.

मोहिते (बी-102): परदेशीच का पण? आपला एक खाशाबा जाधव नाही का? 1952, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ. कराडजवळचा माणूस!

कदम (ए-103): हे मात्र मोहिते बरोबर बोलले. आज तारीख लिहून ठेवा.

रोहन (सी-501): पण मुलं रग्बी खेळणार आहेत ना काका. कुस्तीचा फोटो लावून रग्बी?

देशपांडे काका (ए-502): अर्धा तुवाई, अर्धा खाशाबा. करता येईल की.

वैदेही (ए-204): करा. आणि काका, ती नोट आणा त्या दिवशी. मुलांना दाखवू.

देशपांडे काका (ए-502): आणतो. टीमबद्दल सांगताना मुलांनी तिसऱ्याचं विचारलं तर?

वैदेही (ए-204): मोठ्या मुलांना सांगा. "पोराचं आयुष्य गेलं" असं नका सांगू फक्त.

देशपांडे काका (ए-502): बरं बाई.

रोहन (सी-501): प्रिंटरवाला म्हणतोय सातच्या आत फाइल द्या. अर्धा-अर्धा फायनल का?

अनघा (बी-301): हो

कदम (ए-103): हो

मोहिते (बी-102): खाशाबा डावीकडे घ्या.

पाटकी (बी-403): आधी कोटेशन टाका. तीन ठिकाणचं.